पान कोणी उलटावे?

तालुक्याच्या गावातील सार्वजनिक वाचनालयाच्या चिटणीसपदावर बहुधा एखादे निवृत्त मुख्याध्यापक असतात आणि ग्रंथपालाच्या खुर्चीवर बहुधा त्यांचाच एखादा माजी विद्यार्थी किंवा विद्यार्थिनी असते, हा योगायोग आपल्याकडे इतका रूढ आहे की त्याला शिरस्ताच म्हणावे. अशा ठिकाणी जे वाद होतात ते कार्यकारी मंडळाच्या इतिवृत्तात कधी नोंदले जात नाहीत. ते देवघेवीच्या टेबलाच्या अलीकडे-पलीकडे, चहा निवेपर्यंत आणि कधी कधी चहा निवल्यानंतरही चालतात, आणि सभेच्या कामकाजात ज्याचा सहसा अभाव असतो तो विचार त्यांत आढळतो. ज्या वादाची हकिगत मी इथे सांगणार आहे तो अशाच एका वाचनालयात, एका देणगीदाराने दिलेला 42 इंची टीव्ही प्रवेशदालनाच्या भिंतीवर बसवण्यात आला त्या निमित्ताने उपस्थित झाला. टीव्ही कशासाठी हा प्रश्न देणगी स्वीकारताना कोणी विचारला नव्हता. देणगीच्या बाबतीत तो विचारण्याची वहिवाट नाही.

ग्रंथपालबाईंनी त्यावर जे सुरू केले ते वरवर पाहता अगदी निरुपद्रवी होते. सभासदत्वाचे नियम, अनामत आणि वर्गणीचे कोष्टक, वाचनालयाच्या व अभ्यासिकेच्या वेळा, नव्याने दाखल झालेल्या पुस्तकांची मुखपृष्ठे आणि आगामी व्याख्यानमालेची जाहिरात अशा 24 स्लाइड त्यांनी गुगल स्लाइड्समध्ये तयार केल्या, 'वेबवर प्रकाशित करा' ही तजवीज वापरून मिळालेली लिंक टीव्हीला जोडलेल्या एका वयस्कर संगणकावर उघडली, आणि पुढचे सारे यंत्रावर सोपवून त्या आपल्या दाखल-नोंदवहीकडे वळल्या. प्रकाशित करताना ते सॉफ्टवेअर मोजकेच प्रश्न विचारते: एक स्लाइड पडद्यावर किती वेळ ठेवावी, लिंक उघडताच प्रदर्शन सुरू व्हावे काय, आणि शेवटची स्लाइड झाल्यावर पुन्हा पहिलीपासून आरंभ व्हावा काय. पहिल्या प्रश्नाची उत्तरे ठरलेली असतात: 1, 2, 3, 5, 10, 15, 30 सेकंद किंवा 1 मिनिट. आपण काहीच निवडले नाही तर ते आपल्या अखत्यारात 3 सेकंद धरून चालते. बाईंनी ते 3 तसेच राहू दिले आणि उरलेल्या दोन प्रश्नांपुढे होकाराच्या खुणा केल्या.

गुरुजी आले, छत्री कोपऱ्यात उभी करून पडद्यासमोर उभे राहिले, आणि दोन फेऱ्या पूर्ण होईपर्यंत काही बोलले नाहीत.

"अगं," ते शेवटी म्हणाले, "ग्रंथाचा पहिला गुण कोणता? तो थांबतो. वाचणारा जांभई देवो, समासात टिपण करो, की शंका आली म्हणून मागची चार पाने पुन्हा चाळो, ग्रंथाची तक्रार नसते. ज्या वास्तूत हजारो ग्रंथ असे मुकाट्याने वाचकाची वाट पाहत उभे आहेत, त्याच वास्तूच्या दारात तू असे एक यंत्र बसवलेस की जे कोणासाठी पापणी लवेपर्यंतही थांबायला राजी नाही. पान वाचणाऱ्याने उलटावे. वाचणाऱ्याचे पान परस्पर दुसऱ्यानेच उलटणे याला आमच्या वेळी वात्रटपणा म्हणत."

"तुमचा सूचनाफलक थांबलेलाच आहे, गुरुजी," बाई म्हणाल्या. "वर्गणी दोनदा वाढली तरी तो हललेला नाही. येणारा माणूस फलक वाचत नाही, कारण तो कायमचा तिथे आहे हे त्याला ठाऊक असते. तो माझ्याकडे येऊन विचारतो, अनामत किती, ओळखपत्र कोणते लागते, रविवारी अभ्यासिका उघडी असते का. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तेच तीन प्रश्न. शिपाई रजेवर असला की देवघेव, फोन आणि हे प्रश्न हे सगळे एकाच माणसाने करायचे. यंत्र कंटाळत नाही, चिडत नाही, आणि पहिल्या माणसाला जे सांगितले तेच शेवटच्याला सांगते. शिवाय हलणाऱ्या गोष्टीकडे माणूस बघतो, हे तर खरे?"

"बघतो. रस्त्यावर भांडण लागले तरी बघतो. वाचतो का?"

मग गुरुजी मूळ प्रतिपादनाकडे वळले, आणि त्यांच्या वाणीला जो ओघ आला तो मी शक्य तितका जसाच्या तसा देतो. सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या ठाकर समाजातील चित्रकथी, त्यांनी सांगितले, कित्येक पिढ्यांपासून हेच काम करीत आले आहेत: रामायण-महाभारतातील प्रसंगांची सुटी चित्रे एका पोथीत बांधलेली असतात, कथा सांगणारा वीणा, टाळ आणि हुडूक यांच्या साथीने गात-बोलत एक एक चित्र प्रेक्षकांसमोर धरतो, आणि ते चित्र केव्हा बाजूला करायचे हे त्याच्या गळ्यातील सूर आणि समोर बसलेल्यांच्या चेहऱ्यांवरील भाव हे दोघे मिळून ठरवतात. सीतेच्या चित्रावर आजीबाईंनी पदर डोळ्यांना लावला तर चित्र तिथेच राहते. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी 1892 साली काचेवर रंगवलेल्या चित्रांचे 'शांबरिक खरोलिका' हे दिव्याच्या उजेडातील प्रयोग सुरू केले, तेव्हाही पडद्यावरच्या चित्राबरोबर निवेदन होते, संगीत होते, काच सरकवणारा हात होता. "म्हणजे चित्रामागून चित्र दाखवणे हे आम्हांला परके नाही," गुरुजींनी निष्कर्ष काढला. "परके आहे ते एवढेच, की दाखवणारा उठून गेला आहे आणि चित्रे मागे राहिली आहेत. या निराधार स्लाइड आहेत."

यावर बाई निरुत्तर होतील अशी माझी अपेक्षा होती, परंतु ती फलद्रूप झाली नाही. त्यांनी एवढेच विचारले, की छायाचित्रांच्या स्लाइड दाखवणारा कोडॅकचा कॅरोसेल प्रोजेक्टर गुरुजींनी पाहिला होता काय. त्याच्या वरच्या गोल तबकात 80 स्लाइड बसत, ते तबक गोलच असल्याने शेवटच्या स्लाइडच्या शेजारी पहिलीच येई, आणि त्याच्या काही मॉडेलांत ठराविक अवकाशाने स्लाइड आपोआप पुढे सरकवण्याची सोय होती. "तेव्हा दाखवणारा उठून गेला तो काही माझ्या टीव्हीमुळे नव्हे," त्या म्हणाल्या. "2004 साली त्या प्रोजेक्टरचे उत्पादन बंदही झाले. संग्रहालये, प्रदर्शने, रेल्वे स्थानकांची प्रतीक्षालये, या जागी माणूस चोवीस तास उभा करता येत नाही, म्हणूनच ही युक्ती निघाली. चित्रकथ्याला समोर बसलेली सभा असते. माझ्या दालनात कोणी बसत नाही, लोक जाता जाता बघतात. जाणाऱ्या-येणाऱ्याला कथा सांगता येत नाही, फक्त खबर देता येते."

हा भेद मला महत्त्वाचा वाटला, आणि गुरुजींनाही वाटला असावा, कारण त्यांनी चष्मा पुसायला काढला. परंतु त्याच वेळी दालनात जे घडले त्याने दोघांच्याही युक्तिवादांना बाजूला सारले. मुलासाठी अभ्यासिकेची चौकशी करायला आलेले एक प्रौढ गृहस्थ पडद्यासमोर थांबले. त्यांनी खिशातून चष्म्याचे घर काढले, चष्मा नाकावर चढवला, आणि ओठांची हालचाल करीत 'अभ्यासिका प्रवेश' या शीर्षकापासून वाचायला आरंभ केला. 'अनामत रक्कम' या शब्दांपर्यंत ते येतात न येतात तोच स्लाइड गेली आणि तिच्या जागी एका नव्या कादंबरीचे मुखपृष्ठ आले. गृहस्थ थांबून राहिले. 24 स्लाइड आणि प्रत्येकी 3 सेकंद, म्हणजे 72 सेकंदांनी ती स्लाइड परत आली, आणि या खेपेस ते शीर्षक सोडून थेट रकमेच्या ओळीवर गेले, म्हणजे वाचकाने यंत्राचा स्वभाव ओळखला; पण त्याखालचा अर्जाचा क्यूआर कोड टिपण्यासाठी त्यांनी मोबाइल काढून कॅमेरा उघडला तोवर पडद्यावर व्याख्यानमालेची तारीख होती. मग ते बाईंच्या टेबलापाशी आले आणि त्यांनी विचारले, "मॅडम, अनामत किती?"

गुरुजींनी या प्रसंगावर काहीही भाष्य केले नाही, ही त्यांची सभ्यता होय. बाईंनी तत्काळ प्रकाशनाची लिंक नव्याने काढून विलंब 15 सेकंदांचा केला, आणि इथे या विषयातला खरा तिढा उघडा पडला. 3 सेकंदांत जे वाचून होत नव्हते ते 15 सेकंदांत होऊ लागले, हे खरे. परंतु 24 स्लाइडची फेरी आता 72 सेकंदांऐवजी 6 मिनिटांची झाली, आणि ज्याची स्लाइड नुकतीच निघून गेली त्याला ती पुन्हा पाहण्यासाठी सहा मिनिटे भिंतीकडे पाहत उभे राहणे भाग पडू लागले. दुसऱ्या दिवशी एक कॉलेजकन्यका व्याख्यानमालेचा तपशील पाहता पाहता मैत्रिणीच्या हाकेने वळली, परत पाहते तो स्लाइड गेलेली. तिने दीड-दोन मिनिटे वाट पाहिली आणि ती निघून गेली. म्हणजे मंद वाचणाऱ्याची सोय केली की उशिरा येणाऱ्याची गैरसोय होते, आणि उशिरा येणाऱ्याची सोय केली की मंद वाचणारा बुडतो. सेकंद वाढवून किंवा कमी करून हा हिशेब कधीच मिटत नाही, कारण या हिशेबात सेकंदांचा गुणाकार स्लाइडच्या संख्येशी होतो. मिटवायचा तर स्लाइडच कमी कराव्या लागतात, आणि कोणत्या काढाव्यात हे कोणतेही सॉफ्टवेअर सांगत नाही.

गुरुजींनी इथे प्रथमच त्या कामात रस घेतला. मसुदा तपासण्याची त्यांची हातोटी जुनी आहे. लाल शाईचे पेन त्यांच्या खिशात असतेच. त्यांनी 24 स्लाइडची छापील प्रत मागवली आणि एखाद्या विद्यार्थ्याचा निबंध तपासावा तशी ती तपासली. ग्रंथालयाच्या इतिहासाच्या तीन स्लाइड त्यांनी खोडल्या ("हे पडद्यावर कोणी वाचणार नाही, आणि वाचले तर चुकीचे लक्षात ठेवील"), मुखपृष्ठांच्या दहांची एक केली, दिवंगत देणगीदारांच्या नावांची स्लाइड मात्र खोडता खोडता थांबले आणि ती राहू द्यावी असा शेरा मारला, कारण त्यांचे नातेवाईक येतात. शेवटी आठ स्लाइड उरल्या. 15 सेकंदांच्या दराने त्यांची फेरी 2 मिनिटांत पूर्ण होते. अनामत, वर्गणी आणि वेळा या तिन्ही गोष्टी प्रत्येक स्लाइडच्या तळाशी एका ओळीत कायमच्या आणून ठेवाव्यात ही सूचना बाईंची. क्यूआर कोड पडद्यावरून काढून कागदावर छापावा आणि टीव्हीच्या खाली चिकटवावा ही गुरुजींची. दोघांपैकी कोणीही दुसऱ्याचे म्हणणे मान्य केल्याचे कबूल केले नाही.

एक अडचण मात्र उरलीच. गुगल स्लाइड्समध्ये प्रकाशित प्रदर्शनाला एकच विलंब लागू होतो. मुखपृष्ठाला 5 सेकंद पुरतात आणि नियमांना 30 लागतात, हा भेद त्याला कळत नाही. पॉवरपॉइंटमध्ये प्रत्येक स्लाइडची मुदत वेगळी ठरवता येते, किंबहुना वक्त्याने घड्याळ लावून रंगीत तालीम करावी आणि सॉफ्टवेअरने प्रत्येक स्लाइडवरचा त्याचा मुक्काम टिपून ठेवावा अशीही सोय तिथे आहे. यावर बाईंनी काढलेला तोडगा म्हणजे नियमांची स्लाइड लागोपाठ दोनदा ठेवणे. पडदा बदलतो, पण मजकूर बदलत नाही. पाहणाऱ्याला वाटते की ही स्लाइड जरा अधिक थांबली. गुरुजींना ही लबाडी फार आवडली.

पुढच्या आठवड्यात वादाला नवे वळण लागले. मदतनीस मुलाने मूळ फाइलमध्ये एक नवी स्लाइड घालायला घेतली, तीत 'येथे फोटो टाकणे' एवढेच लिहून तो जेवायला गेला, आणि काही वेळाने ते शब्द दालनाच्या भिंतीवर झळकू लागले. कारण प्रकाशित प्रत ही स्वतंत्र नक्कल नसून मूळ फाइलमधील बदल तिच्यातही उतरतात.

"आमच्या दफ्तरात," गुरुजी म्हणाले, "कच्चा खर्डा वेगळा, मंजूर प्रत वेगळी, आणि मंजूर प्रतीवर सही-शिक्का झाल्याशिवाय ती फलकावर जात नसे. इथे खर्डा आणि जाहीर हुकूम एकाच कागदावर आहेत."

"पण तुमच्या फलकावरची वर्गणी चुकली तर ती दुरुस्त व्हायला पुढची सभा लागते. इथे मी घरून मोबाइलवर दुरुस्त केली की ती इथे दुरुस्त होते. गेल्या पावसात शाळांना सुट्टी जाहीर झाली आणि अभ्यासिका उघडी राहणार की नाही हे लोक विचारू लागले, तेव्हा हा टीव्ही असता तर मला इथवर भिजत यावे लागले नसते." मग जरा थांबून बाई म्हणाल्या, "खर्ड्याची फाइल मात्र मी वेगळी करते."

बाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली, जी गुरुजींच्या पक्षाला बळ देणारी होती तरी त्यांनी ती लपवली नाही. वेबवरील मजकूर सर्वांना वापरता यावा यासाठी डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने 2008 साली जे सुगम्यतेचे निकष प्रसिद्ध केले, त्यांत म्हटले आहे की जी हालचाल आपोआप सुरू होते, 5 सेकंदांहून अधिक काळ चालते आणि इतर मजकुराच्या सोबतीने दाखवली जाते, ती वाचणाऱ्याला थांबवता, बंद करता किंवा लपवता आली पाहिजे. वाचनालयाच्या संकेतस्थळावर हेच आपोआप फिरणारे प्रदर्शन बसवायचे झाल्यास ते आधी थांबलेले ठेवावे आणि वाचणाऱ्याने बोट लावल्यावर पुढे जावे, असे त्यांनी ठरवले होते. भिंतीवरच्या टीव्हीला बोट लावायला जागा नाही. म्हणून तिथे निदान सूचनाफलक राहू द्यावा, वर्गणी दुरुस्त करून.

यानंतर गुरुजी जिंकले असे वाचकांस वाटेल, आणि त्यांनाही तसे वाटले असावे. कारण जिंकलेला माणूस जशी एखादी नवी मोहीम काढतो तशी त्यांनी काढली. व्याख्यानमालेच्या नियोजनाची बैठक होती. जपानमध्ये 2003 साली ॲस्ट्रिड क्लाइन आणि मार्क डायथॅम या दोन वास्तुविशारदांनी टोकियोत 'पेचाकुचा' नावाचा कार्यक्रम सुरू केला, त्यात प्रत्येक वक्त्याला 20 स्लाइड आणि प्रत्येक स्लाइडला 20 सेकंद मिळतात, स्लाइड आपोआप पुढे सरकते, आणि 6 मिनिटे 40 सेकंदांनी भाषण संपते, ही माहिती बाईंनीच कधीतरी बोलण्याच्या ओघात सांगितली होती. गुरुजींनी ती टिपून ठेवली होती. वास्तुविशारद बोलू लागले की थांबत नाहीत, म्हणून ही युक्ती काढण्यात आली, असे ऐकल्यावर तर त्यांना त्या दोघांविषयी आपुलकीच वाटू लागली.

"न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात 1875 साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली," ते म्हणाले, "त्या परंपरेचा आम्हांला अभिमान आहे. पण चिटणीस म्हणून मी आजवर पाहिले आहे की वक्त्याला चिठ्ठी दिली तर तो ती वाचून दाखवतो, घंटा वाजवली तर श्रोते घड्याळ पाहतात आणि वक्ता पाहत नाही. आता स्थानिक वक्त्यांची एक संध्याकाळ या 20 सेकंदांच्या पद्धतीने करू. लिंकमध्ये विलंबाचा आकडा मिलिसेकंदांत लिहिलेला असतो असे तूच सांगितलेस ना? 3 सेकंदांना 3000. मग तिथे 20000 लिही."

आणि आता विरोधाची पाळी बाईंची होती.

"गुरुजी, तुमचा चित्रकथी कुठे गेला? समोरच्या आजीबाईंनी पदर डोळ्यांना लावला तर चित्र तिथेच राहते असे तुम्हीच म्हणाला होता. तिसऱ्या रांगेतल्या मुलीला शंका आली तर वक्त्याने काय म्हणायचे, की माझी स्लाइड चालली? दालनात माणूस नसतो म्हणून मी यंत्र ठेवले. सभागृहात माणूस उभा आहे, आणि तुम्ही त्याच्या हातून स्लाइड काढून घेता. पॉवरपॉइंट 1987 साली निघाले तेव्हा ते पडद्यावर दाखवण्यासाठी सुद्धा नव्हते. त्यावर पारदर्शिका तयार करायच्या आणि वक्त्याने त्या हाताने ओव्हरहेड प्रोजेक्टरवर ठेवायच्या, यासाठी होते. हात होता तो हात राहू द्या."

दोघांनी आपापली जागा अशी साफ बदललेली पाहून मला गंमत वाटली, आणि माझे मत मी त्यांना सांगितले नाही तरी इथे सांगतो. मला दोघेही विसंगत वाटले नाहीत. दालनातल्या गृहस्थांवर 3 सेकंदांचे बंधन पडले ते कोणीतरी दुसऱ्याने घातले होते, त्यांना न विचारता, आणि घालणारा तेव्हा तिथे पाहत नव्हता. 20 सेकंदांचे बंधन स्वीकारणारा वक्ता ते आधी जाणून, त्याच्यासाठी घरी तालीम करून, आपल्या राजीखुशीने व्यासपीठावर चढतो. पहिल्याच्या बाबतीत पान दुसरा उलटतो, दुसऱ्याच्या बाबतीत ते वक्त्याने स्वतःच कालच उलटून ठेवलेले असते. तिसऱ्या रांगेतल्या मुलीचा प्रश्न तेवढा खरा आहे, आणि त्याला 6 मिनिटे 40 सेकंद संपल्यावर स्लाइडविरहित जागा ठेवणे एवढाच उपाय मला दिसतो. पेचाकुचाच्या कार्यक्रमांत लोक मध्यंतरात घोळक्याने उभे राहून बोलतात ते बहुधा यासाठीच.

अखेर तडजोड झाली ती अशी, की पाच दिवसांच्या व्याख्यानमालेतील फक्त एका संध्याकाळी, आणि त्यातही ज्या वक्त्यांनी लेखी संमती दिली असेल त्यांनाच, हा प्रयोग लागू करावा. मुख्य व्याख्यात्यांच्या हाती रिमोट द्यावा. संमतिपत्राचा मसुदा गुरुजी करणार. पहिल्या दिवशी चार तरुणांनी होकार कळवला, त्यात एक पक्षिनिरीक्षक, एक विहिरींचे सर्वेक्षण करणारा अभियंता आणि दोन शिक्षक. पक्षिनिरीक्षकाने 20 छायाचित्रे निवडताना सातशेतून निवडावी लागली अशी तक्रार केली, ती गुरुजींना प्रशस्तिपत्रासारखी वाटली.

"अध्यक्षांचे काय?" बाईंनी विचारले. "समारोप त्यांचाच आहे."

"अध्यक्षांना स्लाइड नसते."

"म्हणजे मुदतही नसते."

गुरुजी विचारात पडले. अध्यक्ष जिल्ह्याच्या सहकार क्षेत्रातील मातबर गृहस्थ आहेत, टीव्हीचे देणगीदार तेच आहेत, आणि गेल्या वर्षी त्यांच्या समारोपानंतर शेवटची एस. टी. चुकल्याने निम्मा श्रोतृवर्ग चालत घरी गेला होता.

"त्यांच्यासाठी मी 20 कोऱ्या स्लाइड लावते," बाई म्हणाल्या. "पाठीमागे नुसता निळा रंग. त्यांना कळणार नाही, आणि लोकांना दिसत राहील."

"19 कोऱ्या ठेव," गुरुजी म्हणाले आणि लाल पेन खिशाला लावत उठले. "विसाव्या स्लाइडवर मोठ्या अक्षरात 'आभार' लिही, आणि ती आल्याबरोबर तू माइकजवळ ये."